पंगतीत न टोचणारं पिस्तूल

साहेब, फुलाबाईची बंदूक तुम्ही काढून घेतलीत आणि धनाजीची कंबर तशीच सोडलीत. हे तुम्ही डोळे उघडे ठेवून केलंत. नजरचूक झाली, खालच्या माणसानं कागद पुढं सरकवला, आम्ही सही केली, असलं काही सांगू नका. कागद वाचायचा तुम्हाला पगार मिळतो. मला मिळत नाही, तरी मी तो वाचला.

तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. तुमचं तुम्हाला कळेल. ज्यांना ही हकीकत माहीत नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगतो, आणि तुम्हीही बसून ऐका. आम्ही तुमच्या दारात बाकड्यावर पुष्कळ बसलो आहोत.

आमची वाडी वेल्ह्यापासून वर, तोरण्याच्या अंगाला. फुलाबाईची भातखाचरं वाडीच्या सगळ्यात वर. तिचा बांध संपला की रान सुरू होतं. म्हणजे रानडुकरं जेवायला उतरली की पहिलं ताट तिचं. म्हणून तिच्या नवऱ्यानं, गेनूनं, पीक राखायच्या परवान्यावर एकनळी बंदूक घेतली होती. गेनू गेला. ती बंदूक बायकोच्या नावावर करून द्यायला तुम्ही तिला इतके हेलपाटे घालायला लावलेत की वेल्ह्याच्या एसटीचा कंडक्टर तिला "आजी, आज तरी झालं का?" म्हणून विचारायला लागला होता.

अखेर झालं. आणि तेव्हापासून आमच्या वाडीला एक सवय लागली. भात पोटरीत आलं की दिवस मावळायच्या सुमारास फुलाबाई खाचरातल्या माळ्यावर चढायची आणि हवेत एक बार काढायची. एकच. तिनं आजवर एक डुक्कर मारलेलं नाही. मारायचं तिच्या मनातही नसतं. बार झाला की कळप अर्ध्या डोंगरातून मागं फिरायचा आणि तिच्याबरोबर खालच्या सगळ्यांची भातं राखली जायची. वाडीतल्या बाया त्या आवाजावर चुलीवर तांदूळ टाकायच्या. कुणी पाव्हणा दचकला तर त्याला सांगायच्या, "काय न्हाई, आमच्या काकूनं डुकरास्नी रामराम घातला."

आता धनाजी. धनाजी आमच्याच भावकीतला, फुलाबाईच्या दिराचा मुलगा. पानशेतच्या पाण्याकडं तोंड करून जेवढी म्हणून जमीन उभी होती, तेवढी त्यानं पुण्याच्या लोकांना दाखवली आणि विकली. आधी स्वतःची, मग दुसऱ्या एका चुलत्याची, मग ज्यांना विकायची नव्हती त्यांचीही. त्यातून त्याच्याकडं पांढरी मोठी गाडी आली, गळ्यात साखळी आली, करंगळीत अंगठी आली. गावोगावच्या फ्लेक्सवर फोटो आला. फोटोत तो मोबाईल कानाला लावून आभाळाकडं बघतो. कुणाशी बोलतो ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

पानशेतला त्यानं शेफाली नावाच्या एका बाईंना प्लॉट विकला होता. त्या पुण्यात नोकरी करतात आणि रविवारी रेंजवर जाऊन नेमबाजी करतात. कुणाशी वैर नाही, कशाची भीती नाही, आवड म्हणून. कुणी बुद्धिबळ खेळतं, त्या नेम मारतात. एकदा त्यांच्या गाडीत धनाजीनं कुलूप लावलेली पेटी बघितली. आत काय म्हणून विचारलं. त्यांनी सांगितलं.

"म्हणजे मॅडम, खेळाच्या नावावर लायसन मिळतं?"

"खेळणाऱ्याला मिळतं," शेफालीबाई म्हणाल्या.

धनाजीनं त्यातला पहिला शब्द ऐकलाच नाही.

साहेब, आमच्या वाडीत धनाजीला कुणी कधी खेळताना बघितलेलं नाही. शाळेत कबड्डीचा डाव लागला की तो पोटात दुखतं म्हणून बांधावर बसायचा आणि जिंकलेल्यांच्या बाजूनं ओरडायचा. तो माणूस एका पावसाळ्यात खेळाडू झाला. रेंजवर जाऊन आला, फोटो काढले, सभासद झाला, आणखी काय काय झाला, आणि तुम्ही त्याला परवाना दिलात. फुलाबाईच्या चपला झिजल्या होत्या. धनाजीच्या गाडीचं टायरसुद्धा झिजलं नाही.

परवाना मिळाला आणि धनाजीची झोप उडाली. पिस्तूल कोणतं घ्यायचं?

दोन हत्यारं त्याच्या मनात बसली होती. दोन्ही बत्तीस बोअरची, दोन्ही आखूड, खिशात मावतील अशी. एक रिव्हॉल्व्हर, गोळ्यांचं गोल चाक असतं ते. दुसरं चपटं पिस्तूल, ज्याच्या मुठीत गोळ्यांची पट्टी जाते. तो शेफालीबाईंना विचारायला रेंजवर गेला. संगतीला मेहुणा, इंद्रजित. हा इंद्रजित धनाजीचे व्हिडिओ काढतो, त्यावर गाणं लावतो आणि दाजींच्या जिवावर जेवतो. रेंजवर काय झालं हे त्यानंच वाडीत सांगितलं, म्हणून मला माहीत.

शेफालीबाईंनी माणसाला शिकवावं तसं शिकवलं. म्हणाल्या, "बारकं हत्यार चालवायला सोपं वाटतं, पण असतं उलटं. नळी आखूड असली की नेमाच्या दोन खुणा जवळ येतात. मग तुमचा हात जरासा हलला तरी तिकडं गोळी वीतभर लांब जाते. वजन कमी, म्हणून झटका जास्त. मूठ लहान, म्हणून पकड अर्धी. तुमचा हात केवढा आहे बघा. करंगळी बाहेरच लोंबकळतेय."

धनाजीनं हाताकडं बघितलं. करंगळी बाहेर होती. करंगळीतली अंगठी पण बाहेर होती.

"इंदर," तो म्हणाला, "ह्याच अँगलनं एक फोटो काढ."

शेफालीबाईंनी तरी दम धरला. रिव्हॉल्व्हर साधं, अडकत नाही, पण घोडा ओढायला जड. पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढायला बोटात जोर लागतो, आणि सेफ्टीचा खटका चालू-बंद करायची सवय हाताला लागेपर्यंत त्याच्याशी खेळ नको. दोन्ही हातात धरून बघा, कुठल्याचा घोडा बोटाच्या पेराशी नीट येतो ते बघा, दोन्हीच्या गोळ्या मारून बघा आणि मग ठरवा. आणि खरं विचाराल तर, त्या म्हणाल्या, दोन्ही घेऊ नका. नवीन माणसानं लांब नळीच्या पॉइंट बावीसवर वर्षभर हात बसवावा.

"बावीस?" धनाजी म्हणाला. "मॅडम, बत्तीस सोडून बावीसवर कशाला यायचं? मानूस वर जातो का खाली?"

"तुम्हाला नेम मारायचाय का मिरवायचंय?"

"दोन्ही."

"मग आधी एक ठरवा," असं म्हणून त्या आपल्या जागेवर गेल्या.

धनाजीनं ठरवलं. पण त्यानं लावलेल्या कसोट्या रेंजवरच्या नव्हत्या, आमच्याकडच्या होत्या. आमच्याकडं मोठ्या माणसाला काय काय करावं लागतं? गाडीत बसावं लागतं. लग्नात पंगतीला मांडी घालावी लागते. थोरामोठ्यांच्या पाया पडावं लागतं, निवडणूक जवळ असली तर जास्तच. आणि हे सगळं करताना कमरेला काहीतरी आहे हे लोकांना दिसावं लागतं. आता एवढी महाग वस्तू घेतल्यावर ती मांडीत टोचली तर परत कोण घेणार? म्हणून धनाजी सावळाराम सुताराकडं गेला आणि मोबाईलवर फोटो दाखवून म्हणाला, "मला ही दोनी लाकडात करून दे. मापाला माप."

सावळाराम मिशीत हसला. "शेठ, आजवर पाळणे केले, पाट केले, तिरड्या बी बांधल्या. हे पयलंच. लाकूड कुठलं लावू?"

"कुठलं पण लाव."

"कुठलं पण कसं? आंबा किडतो. शिवणीचं करतो. तुमच्या नातवाला खेळाया हुईल."

केलं बिचाऱ्यानं. अगदी हुबेहूब. मुठीत भोक पाडून वजनाला शिसं भरलं, वरून काळा रंग, त्यावर बूटपॉलिश. नळीच्या तोंडाला करंगळीच्या नखाएवढं खोल भोक. लांबून कुणालाही घाम फुटावा अशी दोन पिस्तुलं.

पहिली कसोटी भाटघरच्या बाजूला एका लग्नात झाली. धनाजीनं त्या दिवशी लाकडी रिव्हॉल्व्हर खोचलं होतं. पंगत बसली. धनाजीनं मांडी घातली आणि ते गोल चाक त्याच्या पोटात रुतलं. वरण वाढलं तोवर त्यानं सोसलं. जिलबी आली तेव्हा तो तिरका बसला होता. मठ्ठ्याला तर एका हातावर रेलून आडवाच झाला. वाढपी म्हणाला, "शेठ, उशी आणू का?"

त्याच लग्नात फुलाबाई होती. जेवण झाल्यावर चारचौघांसमोर धनाजी काकूच्या पाया पडायला वाकला आणि कमरेचं रिव्हॉल्व्हर सुटून तिच्या पायावर पडलं. जवळची माणसं मागं सरली. फुलाबाईनं ते उचललं, हातात जोखून बघितलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "धना, हे काय रं? पाळणा हलवायच्या वयात खेळणी घेऊन फिरतूस व्हय?"

सगळा मांडव हसला. साहेब, तेव्हा आम्हीही हसलो. म्हटलं, शेठचं येड आहे, करू दे. तर रिव्हॉल्व्हर असं बाद झालं.

चपटं पिस्तूल पंगतीत टोचत नव्हतं. पाया पडताना पडत नव्हतं. गाडीत बसलं तरी कळत नव्हतं. एकच खोट होती. ते दिसतही नव्हतं! धनाजी वेल्ह्याच्या बाजारातून इकडून तिकडं दोनदा फिरला आणि एकानंही विचारलं नाही. शेवटी चहाच्या टपरीवर एकजण म्हणाला, "शेठ, हर्निया झालाय का काय?" त्यावर भोरच्या शिंप्याकडून त्यानं खास शर्ट शिवून घेतले. डाव्या बाजूला ढिले, उजव्या बाजूला घट्ट. आता बरोबर दिसायला लागलं. मूठसुद्धा ओळखू यायची.

अशा रीतीनं, साहेब, तुमच्या खेळाडूनं हत्यार निवडलं. नेम कुठल्याचा लागतो हे त्यानं विचारलं नाही. पेढे वाटले. इंद्रजितनं खऱ्या पिस्तुलाचा व्हिडिओ काढून त्याला ढोलताशा लावला.

त्यानंतर वाडीत आवाज कमी झाला. धनाजी आला की माणसं बोलता बोलता कमरेकडं बघायची आणि वाक्य गिळायची. त्याच्या प्लॉटचा रस्ता वाडीतल्या ज्ञानूच्या बांधावरून काढायचा होता, त्यावरून दोघांचं भांडण चाललं होतं. धनाजी एकदा त्याच्या ओट्यावर जाऊन नुसता बसला. हात लावला नाही, शिवी दिली नाही. उजवी बाजू ज्ञानूकडं करून चहा प्याला. ज्ञानूनं भांडण सोडलं. खेळ म्हणतात तो हा.

मग निवडणूक लागली. भात निसवून पिवळं पडायला लागलं होतं आणि तुमचा हुकूम आला. परवानाधारकांनी आपापली शस्त्रं पोलिसांकडं जमा करावीत. कारण काय, तर मतदारांनी भयमुक्त वातावरणात मत द्यावं. कारण चांगलं आहे, मला मान्य आहे. मी फुलाबाईबरोबर एसटीनं गेलो. बंदूक तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतली होती, लेकरू घ्यावं तशी.

हवालदार बरा माणूस होता. म्हणाला, "आजी, माझ्या हातात नाही. नियम आहे. निकाल लागला की परत."

"निकाल लागंस्तवर भात उभं ऱ्हाईल का रं बाबा?"

"सगळ्यांनाच नियम आहे."

"मग डुकरास्नी बी लावा की आचारसंहिता. निकाल लागंस्तवर रानात बसा म्हनावं."

हवालदार हसला, बंदूक घेतली आणि पावती दिली. तिथंच तिनं विचारलं, "आमच्या धनाजीनं आनून दिलं का त्येचं?"

हवालदारानं हसणं थांबवलं. म्हणाला, "त्यांना सूट आहे. ते खेळाडू आहेत."

मी तुमच्याकडं अर्ज केला. फुलाबाईलाही तशीच सूट द्या, पीक काढणीला आलं आहे, ती बार फक्त हवेत काढते, वाडी साक्षीला आहे. तुम्ही लिहून कळवलंत की पीक संरक्षण हे कारण सूट देण्यास पुरेसं नाही. मी धनाजीचं विचारलं. तुम्ही लिहिलंत की खेळाडूच्या सरावात खंड पडू नये म्हणून ती सूट आहे. सराव! साहेब, सूट मिळाल्यापासून धनाजी रेंजच्या रस्त्यालाही गेला नव्हता. तो एका उमेदवाराच्या प्रचाराला जात होता. घरोघर. उजवी बाजू पुढं करून. आख्ख्या वाडीतली हत्यारं तुम्ही मतदारांना भीती नको म्हणून कुलपात घातलीत आणि जे एक बाहेर ठेवलंत ते मत मागणाऱ्याच्या कमरेला.

बार बंद झाला. पहिल्या दोन संध्याकाळी डुकरं बिचकून रानाच्या कडेला थांबली. बहुतेक वाट बघत असावीत. मग त्यांनाही कळलं की आता वर कुणी नाही. फुलाबाईनं डबे वाजवले, फटाके लावले, जुन्या साड्या बांधल्या. कळप एका कोपऱ्यातून हुसकला की दुसऱ्यातून आत. वरच्या खाचराची कड गेली. त्या भातावर तिचं वर्षाचं खाणं आणि पुढच्या पेरणीचं बी. आंबेमोहराचं बी तिच्या सासूपासूनचं आहे, विकतचं ती कधी घेत नाही. म्हणायची, "खान्याचं जाऊंदे, दुकानातनं आनीन. बी ग्येलं तर कुठनं आनू?"

आणि एका संध्याकाळी ती तडक भैरवनाथाच्या देवळापुढं गेली. तिथं प्रचाराची सभा होती. धनाजी माईक धरून उभा. फुलाबाई गर्दीतून वाट काढत पुढं गेली.

"धना, कमरंला हाय न्हवं तुझ्या? चल वर. एक बार काढ हवेत. कळप बांधाला आलाय."

धनाजीनं माईकवर हात ठेवला. "काकू, सभा चालू हाय. आनि हे खेळाचं हत्यार हाय."

"मग खेळ की. डुकरांसंगं खेळ."

लोक हसले. धनाजी पण हसला, कारण मतं हसत होती. "तसं न्हाई काकू. रेंजच्या भाईर उडवलं तर लायसन जातं. कायदा असतूय."

"मग रेंजच्या भाईर कमरंला कशापायी बांधलंय? करदोडा म्हून?"

आता लोक मोठ्यानं हसले. मागून रखमाजी उठला. वाडीतला सगळ्यात वडीलधारा माणूस, कधी सभेत बोलत नाही. म्हणाला, "धनाजी, बाई काय मत मागत न्हाई तुला. बार मागतीया. मत तू मागतूयास."

धनाजीनं इंद्रजितकडं बघितलं. इंद्रजितनं मोबाईल आधीच वर धरला होता. "दाजी, चला," तो म्हणाला, "लई भारी व्हिडिओ हुईल. शेतकऱ्यासाठी धावला." म्हणाला आणि लगेच जीभ चावली. त्याचं तोंड असं का झालं, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही.

पण माघार घ्यायला जागा उरली नव्हती. सगळी सभा उठून फुलाबाईच्या खाचराकडं निघाली. पुढं काकू, मागं धनाजी, त्याच्यामागं उमेदवाराचे झेंडे. धनाजी वाटेत दोनदा चप्पल नीट करायला थांबला. एकदा म्हणाला, "आता आवाजानं ग्येली असतील." एकदा म्हणाला, "जंगल खात्याला विचाराया पायजेल."

डुकरं गेली नव्हती. ऊन डोंगरामागं उतरलं होतं, अजून दिसत होतं सगळं. पिकलेल्या भातात कळप आडवा पसरला होता. मोठी मादी, पिल्लं, दोन दांडगे नर. आडवं पडलेलं भात ओरबाडल्याचा करकर आवाज बांधापर्यंत येत होता.

"काढ," फुलाबाई म्हणाली.

धनाजीनं शर्ट वर केला. पिस्तूल काढलं. हात आभाळाकडं केला. करंगळी बाहेर, अंगठी चमकली.

"काकू," तो म्हणाला, "कानावर हात ठिवा. सगळ्यांनीच ठिवा. लई मोठा आवाज असतूय."

साहेब, आम्ही ठेवले. आख्खी सभा त्या बांधावर कानांवर हात ठेवून उभी राहिली. बाया, म्हातारे, झेंडेवाले, सगळे. काहींनी डोळेसुद्धा मिटले. आम्ही असे उभे आणि समोर डुकरं जेवत होती, आणि आता त्यांचा आवाजही आम्हाला येत नव्हता. धनाजी हात वर करून तसाच. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून मिशीत उतरला तरी बार काही होईना.

सगळ्यांत आधी फुलाबाईनं कानावरचे हात काढले. "काय झालं?"

"लॉक... लॉक अडाकलंय."

"बगू."

"काकू, हात लावू नगा, धोका असतूय..."

तिनं ते हातातून ओढून घेतलं. जोखून बघितलं. नळीच्या तोंडावर करंगळी ठेवली. भोक नखाएवढंच खोल. घामानं बूटपॉलिश सुटून तिच्या तळव्याला काळं लागलं आणि मुठीच्या कडेला लाकडाच्या रेषा उघड्या पडल्या.

गर्दीतून सावळाराम पुढं आला. वाकून बघितलं. "शेठ," तो म्हणाला, "हे तर माजं शिवणीचं."

कुणी हसलं नाही. ज्या ज्ञानूनं बांध सोडून दिला होता तो ज्ञानू तिथंच उभा होता. त्याचा चेहरा मी बघितला, तुम्ही बघायला हवा होता.

"खरं कुठंय?" फुलाबाईनं विचारलं.

"घरी. कपाटात."

"जा. आन."

"चावी हिच्याकडं असती. ती म्हायेरी ग्येलीया."

फुलाबाई इंद्रजितकडं वळली. "तुज्या भनीला फोन लाव."

इंद्रजितनं मोबाईल खाली घेतला. आता त्याच्यानं राहवेना. "काकू, फोन करून काय उपेग न्हाई. दाजींनी ते घातलंच न्हाई कवा. घेतल्यावर रेंजवर गेलतो, तर ध्यान नसताना बोट दाबलं ग्येलं. गोळी ह्यांच्या पायाफुडं मातीत. मॅडमनी लई झापलं. म्हणल्या, हे असं खोचून फिरलात तर एक दिवस नको तिथं लागंल. तवापासनं दाजी लाकडाचंच घालत्यात."

म्हणजे बघा, साहेब. तुम्ही दिलेल्या सवलतीचा हिशोब मी मांडून दाखवतो. फुलाबाईची खरी बंदूक तुमच्या नियमानं कुलपात. धनाजीचं खरं पिस्तूल त्याच्या भीतीनं कुलपात. आणि त्या संध्याकाळी आमच्या वाडीत सुट्टं फिरत होतं ते सुताराचं लाकूड, ज्याला बघून आख्खी वाडी महिनाभर वाक्यं गिळत होती.

फुलाबाईनं ते लाकूड उचललं आणि सगळ्या ताकदीनं कळपावर फेकलं. ते एका दांडग्या नराच्या पाठीवर आपटून चिखलात पडलं. त्यानं वळून ते हुंगलं. खाण्यासारखं नाही म्हणून सोडून दिलं आणि पुन्हा भाताला लागला. नेम मात्र तिचा लागला होता.

आम्ही ओरडलो, दगड मारले, झेंड्याच्या काठ्या घेऊन आत घुसलो. कळप रानात शिरायचा आणि आम्ही बांधावर आलो की परत यायचा. उजाडल्यावर खाचरात भात नव्हतं. चिखल आणि चिखलात तुडवलेल्या लोंब्या होत्या. फुलाबाई त्यातून एकेक लोंबी वेचत होती, बियासाठी. सूपभरसुद्धा झालं नाही, आणि झालं ते फुटलेलं.

पंचनाम्याला माणूस आला. तरुण होता, बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून बांधावरूनच बघितलं. त्यानं विचारलं, "आजी, राखण ठेवली नव्हती का?"

तिनं कनवटीची पावती काढून त्याला दाखवली. बंदूक जमा केल्याची.

"हे माझ्या खात्यात येत नाही," तो म्हणाला.

मग मी पुन्हा तुम्हाला लिहिलं. लाकडी पिस्तूल दाखवून मतदारांना धाक घातला जात होता, आणि खेळाडू म्हणून सूट दिलेला माणूस खेळतच नाही. तुमचं उत्तर आलं. त्यातलं वाक्य मला पाठ झालं आहे. "सदर वस्तू लाकडी असल्याने ती शस्त्र या व्याख्येत बसत नाही. तसेच संबंधित खेळाडूचे मूळ शस्त्र सुस्थितीत व सुरक्षित असल्याची खात्री करण्यात आली आहे. तक्रार निकाली."

सुस्थितीत असणारच. वापरलंय कुणी?

धनाजीचं काही बिघडलं नाही. इंद्रजितनं तो व्हिडिओ पुसून टाकला. चार दिवस धनाजी वाडीत आला नाही, मग आला, आणि आता खरं पिस्तूल घालतो असं सांगत फिरतो. खरं का खोटं, बघायला कुणी जात नाही. ज्ञानूनं मात्र बांधाचं भांडण परत काढलं आहे.

निकाल लागला. फुलाबाईला बंदूक परत मिळाली. नळीच्या आत गंज धरला होता. तिनं ओट्यावर बसून ती तेलानं पुसली. दिवस मावळायला ती माळ्यावर चढली. खाली खाचरात राखायला काही नव्हतं, नुसतं धसकट आणि चिखल. तरी तिनं हवेत बार काढला. खाली वाडीत बायांनी चुलीवर तांदूळ टाकले. फुलाबाईच्या चुलीवर त्या दिवशी दुकानातला तांदूळ होता.

मी तिला विचारलं, "काकू, आता कशाला बार?"

ती म्हणाली, "आवाज हाय का न्हाई ते बगितलं."

साहेब, अजून निवडणुका यायच्या आहेत. एक झाली की दुसरी लागते, आणि ती भात पिकायच्या वेळीच लागणार नाही असं कोण सांगणार? फुलाबाईनं शेजारणीकडून मूठभर आंबेमोहराचं बी मागून आणलं आहे. तिच्याच सासूचं बी, शेजारी गेलेलं, ते परत आलंय. ती ते पेरणार. ते पिकणार. आणि तुमचा हुकूम पुन्हा येणार.

तर मला सरळ सांगा. पुढच्या भाताला फुलाबाईनं पुन्हा ती बंदूक लुगड्यात गुंडाळून तुमच्याकडं आणून द्यायची आहे का? द्यायची असेल, तर त्या संध्याकाळी तिच्या माळ्यावर कोण चढणार, त्याचं नाव लिहा. तुम्ही चढणार असाल तर तुमचं लिहा. आणि धनाजी खेळाडू आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत, त्याचा एक नेम तरी कधी बघितलात का, तेही लिहा.

"निकाली" हा शब्द घालू नका. तो आम्ही वाचला आहे. उत्तर द्या.